कणकेचे हात आणि स्टुडिओचा फोन

आज संध्याकाळी मी एका कामाला नाही म्हटलं, तेही खरं कारण सांगून.

ढोलकी-पखवाज वाजवण्यावर माझं पोट चालतं. बोलावतील तिथे जाते. पण लालबागला काकांच्या चाळीत महिन्यातून एकदा भजन असतं, तिथे मी फक्त माझ्यासाठी वाजवते. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापली की आवाज छान घुमतो. काकूने दिलेला गोळा थापत होते, तेवढ्यात स्टुडिओतून फोन आला. तशाच हातांनी उचलला.

"लगेच निघ. ढोलकीवाला आलाच नाही."

"नाही जमणार. भजनाला बसलेय."

"शो आहे?"

"नाही रे, घरचंच. मजा म्हणून."

"मजाच ना? मग सोड की. इथे काम अडलंय."

आमच्या लाइनीत अशा वेळी सांगण्यापुरती मावशी आजारी पडते. माझीही कितीदा पडलीय. मजा हे कारण कुणाला पटतच नाही. वाजवणं हा धंदा झाला म्हणून ते स्वतःसाठी करायचंच नाही, हे कुणी ठरवलं?

"मजा आहे म्हणूनच सोडणार नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

काका झांजा हातात धरून बघत होते, मालवणीत म्हणाले, "मगे, चललंस की काय?"

मी कणकेचे हात दाखवले. "कुठे जाऊ? करा सुरू."

स्टुडिओवाला आता मला बोलावणार नाही, बहुतेक. नाही तर नाही.

माझी मावशी आजपासून कायमची बरी झाली. तुमच्याकडे कोण आजारी असतं?