जड पाणी

कॉलेजात पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा वर्ग हसला. ते हसू मला बरेच दिवस पुरलं. आता त्याबद्दल लिहायला हरकत नाही, कारण पुढे जे झालं ते त्या हसण्यामुळेच झालं.

बीएस्सीचं पहिलं वर्ष होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात नेमकं कसं बोलायचं हे विचारायलाही कुणी नव्हतं. रसायनशास्त्राचे सर पाण्याचा धडा सुरू करत होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावचं पाणी कसं आहे?" मी मराठी माध्यमातून आलेली. इंग्रजीत बोलायचा सराव करायचा असं ठरवून आले होते. उभी राहिले आणि म्हणाले, "सर, अवर व्हिलेज वॉटर इज हेवी वॉटर."

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, ह्यांच्या गावात अणुभट्टी बसवा."

सगळे हसले. मीही थोडं हसले, कारण काय चुकलं तेच कळलं नव्हतं. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. साबणाचा फेस येत नाही त्या पाण्याला इंग्रजीत हार्ड वॉटर म्हणतात, आपल्या पुस्तकात दुष्फेन पाणी. पुस्तकातलं 'जड पाणी' म्हणजे हेवी वॉटर, ते वेगळंच, अणुभट्टीत लागणारं. मग खडू खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "पण तुमच्याकडे जड का म्हणतात?"

मला सांगता आलं नाही. जन्मापासून वापरलेला शब्द होता आणि तो असाच का, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

आमचं गाव मोहोळपासून आत आहे. आठवडाभर मी सोलापुरात हॉस्टेलवर राहायची आणि शनिवारी एसटीनं घरी जायची. त्या शनिवारी आईला विचारलं. ती अंगणात मेंढरांची बादली विसळत होती.

"आई, बोअरच्या पाण्याला जड का म्हणतात?"

"जड हाय म्हणून."

"म्हंजे कशाला जड?"

तिनं जरा विचार केला. "डाळीला जड. पोटाला जड. केसाला तर लईच जड, धुतलं की सुंभ होतंय. मेंढरंसुदिक आदी हुंगत्यात आन मग तोंड लावत्यात."

आण्णा, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसून मोबाईल बघत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "पाणी म्हंजे पाणी. दारात बोअर हाय, बटण दाबलं की धार पडती. तरी हिला ओढ्यापलीकडच्या हिरीवर जायचं असतं. खूळ हाय निस्तं."

"तुमाला शिजलेली डाळ ताटात येती, म्हणून खूळ दिसतंय," आई म्हणाली.

हे भांडण आमच्या घरात बोअर पडल्या दिवसापासून होतं. आवाज चढायचा नाही, पण थांबायचंही नाही. आई रोज सकाळी दोन खेपा करून विहिरीचं पाणी आणायची, फक्त डाळीपुरतं आणि पिण्यापुरतं. गुडघे दुखायला लागले तरी जायची. आण्णांना तिचे गुडघे दिसत होते, म्हणून ते 'खूळ' म्हणायचे. काळजी बोलून दाखवायची त्यांची तीच रीत. पण आईला त्यात एवढंच ऐकू यायचं, की आपल्या म्हणण्याला किंमत नाही.

मी सहज बोलून गेले, "कॉलेजात पाणी मोजता येतं. किती जड आहे त्याचा आकडाच येतो."

आईनं बादली खाली ठेवली. "आकडा येतो? मग दोनी पाणी घिऊन जा. एकदाचं काय ते कळू दे."

सोमवारी पहाटे मी केस विंचरत होते तोवर तिनं दोन बाटल्या भरून पिशवीत ठेवल्याही होत्या. एकीवर मी पेनानं 'वि' लिहिलं, दुसरीवर 'बो'. एसटीत दोन्ही मांडीवर घेऊन बसले. विहिरीच्या बाटलीत तळाला थोडा काडीकचरा होता. बोअरची मात्र काचेसारखी स्वच्छ होती. ते मी बघितलं आणि त्याचा काहीही विचार केला नाही.

मंगळवारी प्रॅक्टिकल होतं. चंचुपात्र, पिपेट, ब्युरेट यांची मला तोवर भीती गेलेली नव्हती. काही फुटलं तर भरून द्यावं लागेल, हेच डोक्यात असायचं. पण पाण्याची दुष्फेनता मोजायचा हा प्रयोग मला पहिल्या दिवसापासून आवडला. पाण्यात रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकले की ते डाळिंबाच्या रसासारखं होतं. वरच्या ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडत राहायचं, एका हातानं फ्लास्क फिरवत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग लाल जरा जांभळं वाटायला लागतं आणि एका थेंबाला सगळं निळं होतं. तो एक थेंब कोणता, हे आधी कुणी सांगू शकत नाही. जितकं द्रावण लागलं तितकं पाणी जड.

विहिरीच्या पाण्याला नऊ पॉइंट चार मिली लागलं. बोअरच्या पाण्याला सात पॉइंट एक.

मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. आकडे तेच. बोअरचं पाणी हलकं आणि आईच्या विहिरीचं जड.

माझी प्रॅक्टिकलमधली जोडीदारीण सोलापुरातलीच, पूर्व भागातल्या विणकर घरातली. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि दोन्ही भाषांत तितकीच व्यवहारी. ती म्हणाली, "बाटल्यांची नावं उलटी पडली असतील. वहीत उलटं लिही की. कोण बघतंय?"

मी पेन्सिल हातात घेतली, हे खरं आहे. मला मार्कांची काळजी नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे घरचं अंगण होतं. आकडा आण्णांच्या बाजूनं पडला तर आई काही बोलणार नव्हती. तिनं हंडा पालथा घालून ठेवला असता आणि पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नसतं. आणि ते माझ्या हातानं झालं असतं, तिनंच मला घातलेल्या कॉलेजातून.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "काय आलं गं?"

"अजून व्हायचंय," मी म्हणाले. आईशी खोटं बोलून मला झोप लागली नाही, असं काही झालं नाही. झोप लागली. पण सकाळी उठल्यावर पहिली तीच गोष्ट आठवली.

बुधवारी वही तशीच घेऊन सरांकडे गेले. आकडे खोडले नव्हते. म्हटलं, "सर, हे उलटं आलंय. आईची डाळ विहिरीच्या पाण्यात शिजते, बोअरच्या पाण्यात शिजत नाही. हे आम्ही रोज बघतो. मग हे असं कसं?"

मला वाटलं होतं ते माझी चूक सांगतील. त्यांनी वही बघितली, तीनही वाचनं बघितली आणि म्हणाले, "मला माहीत नाही."

शाळेपासून तोवर एकाही शिक्षकानं माझ्यासमोर हे वाक्य उच्चारलं नव्हतं. 

"तुमची डाळ खोटं बोलत नसणार," ते म्हणाले. "आणि तुझी वाचनंही नीट दिसतायत. म्हणजे मधे काहीतरी आपल्याला न कळलेलं आहे. बाटल्या कुणी भरल्या?"

"आईनं."

"मग त्यांना विचार, कशा भरल्या. पण चूक शोधायला आल्यासारखं विचारू नकोस. फक्त काय केलं ते ऐक."

हॉस्टेलच्या जिन्यात बसून फोन लावला.

"आई, बाटल्या कशा भरल्यास गं?"

"कशा म्हंजे? हिरीची हिरीतनं भरली, पोहऱ्यानं काढून."

"आणि बोअरची?"

"ती आदल्या दिशी उकळून ठिवली, गार केली, फडक्यानं गाळली आन मग भरली."

"उकळून?"

"मग? कालेजातली सर लोकं पिणार. तसलं पाणी कसं द्यायचं कुणाला?"

"पिणार नाहीत आई, तपासणार."

"तपासणार म्हंजे चाकणारच की."

मला हसू आलं. मी विचारलं, "मग विहिरीचं का नाही उकळलंस?"

"ते कशाला? ते चांगलंच हाय."

बोअरच्या पाण्याला जड ठरवायचं होतं, तिचं स्वतःचं म्हणणं पणाला लागलं होतं, आणि तरी तिनं तेच पाणी चूल पेटवून, गाळून, जमेल तितकं चांगलं करून पाठवलं होतं. आपल्या घरचं पाणी परक्याच्या ओठाला लागणार, म्हणून.

"उकळलेल्या पातेल्यात खाली पांढरं बसलं होतं का?" मी विचारलं.

"बसतंय की नेहमी. खपल्या धरत्यात. चिंचेचा कोळ टाकून ठिवला की बारीक बुडबुडं येत्यात आन मग निघतंय. का गं? काय चुकलं का माजं?"

"काही नाही चुकलं," मी म्हणाले, आणि या वेळी खरं बोलत होते.

पाणी उकळल्यावर त्याची दुष्फेनता काही अंशी जाते, कारण विरघळलेला क्षार चुनखडीसारखा तळाला बसतो. हे मला पाठ होतं. दहावीत दोन मार्कांना लिहिलं होतं. चुनखडीवर आम्ल टाकलं की वायू निघतो, हेही लिहिलं होतं. आई इतकी वर्षं चिंचेनं पातेली घासत होती, मी शेजारी बसून त्याची व्याख्या पाठ करत होते, आणि त्या दोन्ही गोष्टी एकच आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. याची मला अजून थोडी लाज वाटते.

सरांना सांगितलं तेव्हा ते या वेळी हसले. "म्हणजे तू जे मोजलंस ते बरोबरच होतं. फक्त ते बोअरचं पाणी राहिलं नव्हतं. आता न उकळलेलं आण."

पुढच्या आठवड्यात ते आणलं. बाटली मी स्वतः नळाखाली धरली. आई शेजारी उभी राहून "निदान फडकं तर लाव" म्हणत होती. वाचन आलं सोळा पॉइंट दोन. विहिरीपेक्षा पुष्कळ जास्त. मी तीनही आकडे वहीत लिहिले, आधीचे दोन न खोडता, आणि प्रत्येकापुढे पाणी कसं भरलं तेही लिहिलं.

रविवारी घरी वही उघडून वाचून दाखवली. आईनं आकडे ऐकले आणि आण्णांकडे बघितलं. आण्णा म्हणाले, "वहीत काय, कायबी लिवता येतं."

मला राग आला. आईला आला नाही. ती उठली. तीन सारखी पातेली काढली, तिन्हींत एकेक मूठ तूरडाळ टाकली. एकात विहिरीचं पाणी, एकात बोअरचं, एकात उकळून निवळलेलं बोअरचं. तिन्ही एकाच तांब्यानं मोजून. गॅसच्या दोन शेगड्या आणि चूल असा बेत मी सांगितला तर म्हणाली, "न्हाय. जाळ येगळा झाला तर ह्ये म्हणतील जाळाचा फरक." मग एकाच शेगडीवर, एकामागं एक, मोबाईलवर वेळ लावून तिन्ही शिजवली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आण्णांशी इतकी वर्षं भांडून ती शिकली होती.

तीन वाट्या तिनं आण्णांपुढे ठेवल्या आणि कोणती कोणती ते सांगितलं नाही. मलाही दाराबाहेर, आण्णांच्या पाठीमागं उभं केलं, "तुजं त्वांड बघून ओळखतील."

आण्णांनी पहिली वाटी बोटानं दाबली. "ही शिजली." दुसरी. "हीबी बरी हाय." तिसऱ्या वाटीतला दाणा त्यांनी दाबला, मग चावला आणि कचकन आवाज आला. "ही कुटली? कच्ची हाय की ही."

"तुमची," आई म्हणाली. "बटण दाबून आल्याली."

आण्णांनी दुसरी वाटी पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाले, "आन दुसरी?"

"तीबी बोअरचीच. उकळल्याली."

"म्हंजे उकळून घेतलं तर हिरीवर जायला नको."

"रोज आदी पाणी उकळू, मग गार करू, मग डाळ टाकू? गॅस काय फुकट येतुय का?"

मी वही पुन्हा उघडली. त्यात तेही लिहिलं, कारण आण्णांचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं.

सोमवारी पहाटे एसटीसाठी बाहेर पडले तर आण्णा गाडीच्या मागच्या सीटला दोरीनं पाण्याचा कॅन बांधत होते. आई दारात हंडा घेऊन उभी.

"कुटं निघाला?" तिनं विचारलं.

"हिकडंच," ते म्हणाले आणि गाडी ओढ्याच्या दिशेला लावली. आईनं हंडा खाली ठेवला. मग मला म्हणाली, "सरांना सांग, हिरीचं पाणीबी एकदा उकळून पाठीवते. त्याचा किती आकडा येतोय ते बघू दे."