अकरा नंबरचा दगड

"चाट," सर म्हणाले. "चाट आणि सांग."

माझ्या हातात लिंबाएवढा पांढुरका दगड होता. त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर अकरा नंबर. जिऑलॉजीचं आमचं ते पहिलंच प्रॅक्टिकल. टेबलाभोवती सगळा वर्ग उभा. हजेरी घेताना सरांनी माझं आडनाव दोनदा वाचलं होतं, मग विचारलं होतं, कुठे राहतेस. खाडीकडे, मिठागराच्या वस्तीत, मी म्हणाले. "आदिवासी ना तुम्ही?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी मान हलवली. मग त्यांनी ट्रेमधून तो दगड उचलून माझ्या हातात ठेवला.

मी चाटला. "खारट," म्हणाले.

वर्ग हसला. सरही हसले. "घरची चव आहे, लगेच ओळखली." पुढच्या मुलीने दगड घ्यायला हात पुढे केला आणि मागे ओढला. "ई, हिनं चाटलाय." सर म्हणाले, "बरोबर आहे. बाकीच्यांनी नुसतं लिहा. चव, खारट."

सगळ्यांनी लिहिलं. वर्गातल्या प्रत्येक जर्नलमध्ये अकरा नंबरसमोर ‘चव खारट’ असं लिहिलेलं आहे. ती चव माझ्या जिभेची आहे.

त्या दिवसापासून ते माझं काम झालं. लॅबमध्ये अटेंडंट नव्हता, जागा रिकामी होती, म्हणून ट्रे काढणं, लावणं, टेबल पुसणं हेही माझ्याचकडे आलं. कुणी ठरवलं नाही. सर म्हणायचे, "तू कर गं, तुला सवय आहे," आणि मी करायचे. अकरा नंबर एका काचेच्या बशीत वेगळा ठेवला गेला. बाकीचे दगड ट्रेमध्ये शेजारी शेजारी आणि हा एकटा कडेला. बॅच बदलली की सर म्हणायचे, "चाट." मी चाटायचे. एकदाही नाही म्हणाले नाही. हे लिहिताना मला माझाच राग येतो.

राग का गिळला ते सांगते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायचं तर जर्नलवर सरांची सही लागते. सही नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं. आमच्या वस्तीतून सायन्सला गेलेली मी पहिली. माझी आई आजही मिठागरात उभी राहते, घोटाभर खाऱ्या पाण्यात, लाकडी फळीने मीठ ओढते. तिच्या पायांना पडलेल्या भेगांत मीठ जातं तेव्हा ती दात आवळते, बोलत नाही. मीही तेच करत होते. आमच्या घरात एवढीच शाळा झाली होती.

आणि मला तो विषय आवडायचा. हे कुणाला खरं वाटत नाही. चुन्याच्या दगडावर ॲसिडचा थेंब टाकला की तो फसफसतो, काळा बेसाल्ट ढिम्म राहतो, नखाने कुठला दगड ओरखडतो आणि कुठला काचेलाच ओरखडा काढतो, हे मला एकदा बघून पाठ झालं. सगळ्यात आवडायचं ते डेटिंग, म्हणजे थरांचा आधी-नंतरचा क्रम लावणं. कागदावर जमिनीचा उभा काप काढलेला असतो. थरावर थर, मधून एखादी भेग, त्यातून वर घुसलेला काळा पट्टा. खाली प्रश्न एकच, घटनाक्रम लिहा. आधी काय झालं, मग काय झालं. नियम सोपा आहे. खालचा थर आधीचा. आणि जो कापत जातो तो नंतरचा, ज्याला कापलं तो आधीपासून तिथे होता. मी हे ऋजुताला शिकवलं. ऋजुता माझी पार्टनर, चंदनसार भागातल्या फ्लॅटमध्ये राहणारी, आईवडील दोघंही नोकरीला. तिला पट्टा आधीचा की थर, हे काही केल्या कळायचं नाही. माझ्या जर्नलवरून तिने आपलं जर्नल पुरं केलं. तिला सही मिळाली.

परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही दोघी लॅबमध्ये उजळणी करत होतो. सर आले. ट्रेकडे बघितलं, बशीकडे बघितलं.

"परीक्षेला बाहेरच्या मॅडम येणार. तुझी थुंकी लागलेले दगड त्यांच्या हातात द्यायचे का? बादली घे. साबणाचं पाणी कर. सगळे दगड भिजत टाक. सोमवारी काढ."

मी बादली भरली. एकेक दगड टाकला. बेसाल्ट, ग्रॅनाइट, संगमरवर, वाळूचा दगड. बशीपाशी थांबले.

"सर, अकरा नंबर पाण्यात नको. विरघळेल."

ते फोनवर काहीतरी बघत होते. मान वर न करता म्हणाले, "आता तू मला शिकवणार? सगळे म्हणजे सगळे."

आमच्या वस्तीतल्या रांगत्या पोरालाही माहीत असतं की मिठाला गोड्या पाण्यापासून सांभाळायचं. अवेळी पाऊस आला तर बाया जेवण टाकून धावतात, मिठाच्या रासी झाकायला. मला सगळं माहीत होतं. आणि तरी मी तो दगड उचलला आणि बादलीत सोडला. ऋजुता शेजारीच उभी होती. तिने ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा.

सोमवारी बादलीत अकरा नंबरची चिकटपट्टी तरंगत होती. दगड नव्हता.

सरांनी आधी बादली बघितली, मग मला. आवाज चढवला नाही. सहीसाठी दिलेलं माझं जर्नल कपाटातून काढून दाखवलं आणि परत कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. मग कोरा कागद दिला. "लिही. मी सरांना न विचारता, निष्काळजीपणे नमुना पाण्यात टाकला. कॉलेजचं नुकसान केलं. क्षमा असावी. आणि येताना घरून मिठाचा एक चांगला मोठा खडा आण. तुमच्याकडे काय, मीठच मीठ. मग सही करतो. परीक्षा गुरुवारी आहे, लक्षात ठेव."

मी कागद घेऊन बाहेर आले.

जिन्यात ऋजुताला गाठलं. "तू होतीस ना तिथे. त्यांनी सांगितलेलं तू ऐकलंस ना."

"मी ना, जर्नल बघत होते गं," ती म्हणाली. "नीट ऐकलं नाही. आणि लिहून दे ना यार. एक कागदच तर आहे. इश्यू कशाला करतेस?"

घरी आईला सांगितलं. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. थापता थापता ऐकलं.

"लिव ना," ती म्हणाली. "सही त्याच्या हातात हाय. आपल्याला कोन इचारतं, आदी काय झालं नि मंग काय झालं?"

सकाळी ती कामावरून धावत परत आली. पदराच्या गाठीत खडा बांधून आणला होता. असा खडा मी कधी बघितला नव्हता. चौकोनी, काचेसारखा, कडा सुरीने कापल्यासारख्या. मुकादमाची नजर चुकवून कपड्यात लपवला होता. "सगल्यात चांगला निवडला," ती म्हणाली. "पान्याचा हात लावू नको. नेऊन दे त्याला." तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. मुलीच्या कॉलेजात आपला खडा लागतोय याचा आनंद. मला ओरडून रडावंसं वाटलं. तिच्यासमोर रडले नाही.

लायब्ररीत बसले. खडा दप्तरात. कोरा कागद पुढे. लिहिलं, ‘मी सरांना’. पुढे ‘न विचारता’ लिहायचं होतं. पेन थांबलं.

खरं सांगायचं तर तेव्हा मी काही शूरवीर नव्हते. पण इतके महिने मी एकच गोष्ट शिकत होते, घटनाक्रम. आणि पुढ्यातला घटनाक्रम चुकीचा होता. मी तसा पेपरात लिहिला असता तर सरांनी लाल पेनने काट मारली असती. त्यांनी मला वरचा थर दाखवून खालचा खोडून काढायला लावला होता. आईचं वाक्य डोक्यात घुमत होतं. आदी काय झालं नि मंग काय झालं, कोन इचारतं? कुणीच विचारत नाही. म्हणूनच आम्ही कायम चुकलेले ठरतो.

मी ‘मी सरांना’ खोडलं. खाली लिहिलं.

१. पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी मला आदिवासी ना असं विचारून अकरा नंबरचा दगड चाटायला सांगितला.
२. त्यानंतर प्रत्येक वेळी तो मीच चाटला. तो वेगळ्या बशीत ठेवला. दुसऱ्या कुणी हात लावला नाही.
३. शुक्रवारी माझी थुंकी लागली म्हणून सरांनी सगळे दगड भिजत टाकायला सांगितले.
४. अकरा नंबर विरघळेल असं मी सांगितलं. सर म्हणाले, सगळे म्हणजे सगळे.
५. मी टाकला.
६. सोमवारी दगड नव्हता.

पाचवी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती खोडून टाकावीशी वाटत होती. ठेवली. घटनाक्रमात आपल्याला नको असलेला थर गाळता येत नाही.

खाली नाव लिहिलं, सही केली. सरांकडे गेलेच नाही. ऑफिसात प्राचार्यांच्या नावाने कागद दिला आणि झेरॉक्सवर आवकचा शिक्का मागितला. क्लार्क म्हणाला, "कशाला शिक्का? असाच ठेव." मी काउंटरपाशी उभी राहिले. मागे रांग वाढली तेव्हा त्याने शिक्का मारला.

गुरुवारी मला परीक्षेला बसू दिलं नाही. जर्नल अपूर्ण, एवढंच बाहेरच्या मॅडमना सांगितलं गेलं. दारातून मला टेबल दिसत होतं. ट्रेमध्ये अकरा नंबर होता. गुलाबीसर खडा, किराणा दुकानात मिळतं ते सैंधव. बशी नव्हती. तो बाकीच्या दगडांच्या शेजारी ठेवला होता आणि ऋजुता तो हातात घेऊन फिरवून बघत होती. म्हणजे दगड मिळणं इतकं सोपं होतं. सरांना माझ्याकडून दगड नको होताच. कागद हवा होता.

आणखी एक गोष्ट तिथे उभ्या उभ्या कळली. मिठाच्या खड्याच्या कडा बघितल्या की पुरतं. सगळीकडे काटकोनात फुटतो, नखापेक्षा जरा कठीण. हे पुस्तकात दिलेलं आहे, सरांनाही माहीत आहे. मीठ ओळखायला माझ्या जिभेची गरज पहिल्या दिवशीही नव्हती.

खडा मी आईला परत दिला. ती तो पदराने पुसायला लागली. मग म्हणाली, "मंग बसू नाय दिलं?" मी म्हणाले, "नाही." तिने पुन्हा विचारलं, "आनि तू लिवून काय दिलंस?" मी सहाही ओळी वाचून दाखवल्या. पहिली ओळ ऐकल्यावर तिचा हात थांबला. दगड चाटायचं तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. तिने खडा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, कोरड्या जागी. आमचं सगळंच अजून लटकलेलं आहे. वर्ष जाईल की राहील, माहीत नाही. सही त्यांच्याच हातात आहे, लॅब तीच आहे, ऋजुता मी दिसले की रस्ता बदलते.

उद्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलंय. सरही असतील. निरोप घेऊन आलेला क्लार्क हळूच म्हणाला, "तक्रार मागे घे, पुढच्या वेळी बसवतील."

मी जाणार आहे. जर्नलसाठी हात जोडणार नाही, रडणार नाही, काही चाटणार नाही. आवकचा शिक्का मारलेला कागद नेणार आहे. त्यावर सातवी ओळ कालच वाढवली आहे. ‘मला परीक्षेला बसू दिलं नाही.’ पेन सोबत ठेवणार आहे. तक्रार मागे घे म्हणाले, तर त्यांच्यासमोरच आठवी ओळ लिहीन. ‘मागे घे म्हणाले.’