काळं भरणारी

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आणि आमची म्हातारी मेथी निवडत बसलो होतो. खाली पेपर, पेपरवर चार जुड्या, तिच्या मांडीशी परात, आणि मधे डाळीच्या डब्याला टेकवून उभं केलेलं लेकीचं जपानी चित्रकथेचं पुस्तक. लेक सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. मधनंच वाकायची, पान उलटायची आणि वाचून सांगायची. आमचं दोघांचं शेवटचं काम कुठलं, असं कुणी विचारलं तर हे. देवळात गेलो नाही, हातात हात घेतला नाही. मेथी निवडली आणि भांडलो.

मी लिहिणारा माणूस नाही. सातवीपर्यंत शाळा, पुढं पेंटर. घरं रंगवणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. आमच्या तालुक्याच्या गावात दुकानांच्या फळ्या, शटरं, ट्रकच्या मागची वाक्यं, दवाखान्यांचे बोर्ड, सगळं माझ्या हातचं होतं. खडू लावलेली दोरी मारायची, अक्षराची कड काढायची, मग आत रंग भरायचा. कड मी काढायचो, भरायची ती. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड सही येत नव्हती, पण भरताना तिचा रंग कधी रेघेबाहेर गेला नाही. फळी अंगणात आडवी टाकायची आणि ही माझ्या डाव्या हाताला उकिडवी बसून भरायची, चुलीवर आमटी ठेवून. काम झालं की खाली उजव्या कोपऱ्यात मी माझं नाव आणि पुढं ‘आर्ट्स’ असं टाकायचो. तेसुद्धा कड मी काढायचो आणि भरायला तिलाच द्यायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळं भांडण त्याच्यावरनं आहे.

पुढं फ्लेक्स आलं आणि माझा धंदा बसला. कुठलंही पोरगं मशीनवर बटण दाबून रातोरात बोर्ड काढायला लागलं. अक्षरं सगळी एका जाडीची, मेलेली. दहा वर्षं मी गावात रिकामा बसून त्या फ्लेक्सांना शिव्या दिल्या. मग लेकीनं आम्हाला कतारला, दोह्याला आणलं. लेकीच्या घरी जाऊन राहायचं आमच्यात चांगलं समजत नाहीत, आणि मला ते रोज टोचतं. जावई समुद्रातल्या तेलाच्या कामावर, महिना महिना घरी नसतो. लेक मुशैरिब भागातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर चित्रं काढते. राहायला अल मन्सूरा वस्तीत, जुन्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर. खाली किराण्याचं दुकान आहे, तिथं मेथी मिळते. मला इथं आवडतं असं एवढंच.

लेकीच्या कपाटात ही जपानी पुस्तकं भिंतभर आहेत. मी तिला म्हणायचो, “एवढी घोडी झालीस, अजून चित्रांची पुस्तकं बघतीस?” ती हसून सोडून द्यायची. पण आमची म्हातारी त्यात अडकली. त्यातला एक चित्रकार होता, त्यानं स्वतःच्याच जन्माची गोष्ट चित्रांत काढली होती. लेक दर शुक्रवारी, सुट्टी असायची तेव्हा, एक प्रकरण मराठीत सांगायची आणि ही चष्मा पुसून चित्रं बघत बसायची.

तो बंदराच्या गावचा. बाप मासळीच्या टोपल्या विणायचा. हा वळकटी आणि चित्रांची गुंडाळी घेऊन शहरात आला. छापणाऱ्यांनी चार वेळा हाकलून दिला. मग एका मोठ्या चित्रकाराच्या हाताखाली राहिला, त्याच्या पानांवरची पेन्सिल खोडायला आणि चौकटींच्या रेघा मारायला. पुढं त्याची स्वतःची गोष्ट छापायला घेतली. दर आठवड्याला अंक, म्हणजे दर आठवड्याला पानं द्यायचीच. आजारी असो, बाप मरो. अशी वीस-बावीस वर्षं. टेबलाखालीच झोपायचा. शेजारी बसायच्या गादीवर त्याची बायको. जिथं काळा रंग हवा तिथं तो पेन्सिलीनं बारीक फुली मारायचा, आणि फुली दिसली की ती तिथं काळं भरायची. केस, रात्र, कोट, सावल्या. बावीस वर्षं नुसतं काळं.

हे ऐकलं तेव्हा आमची म्हातारी लसूण सोलत होती. ती थांबली.

“म्हंजे ही बाई मीच की,” ती म्हणाली.

तिथनं पुढं तिला त्या पुस्तकाचं याडच लागलं. आणि मला त्या माणसाचा राग यायला लागला. आजही आहे. त्याच्यापायी माझ्या घरात माझ्याच जुन्या गोष्टी निघायला लागल्या होत्या.

मग मी एक घाण केली. एकदा दोघी दुकानात गेल्या होत्या, म्हणून मी ते पुस्तक उघडलं. मला काय माहीत ही पुस्तकं उजवीकडनं चालू होतात. दोह्यात निम्म्या पाट्या अरबी, उजवीकडनं वाचायच्या आहेत, येता-जाता बघतो, तरी हातात पुस्तक आलं की माझा हात डावीकडंच जातो. पहिलंच पान म्हणून बघितलं, ते निघालं शेवटचं. म्हातारा चित्रकार टेबलाशी बसलाय, शेजारची गादी रिकामी. आणि सगळं चित्र नुसत्या कडांचं. काळा ठिपका नाही. खिडकीत रात्र, तीही पांढरी. शाईची बाटलीसुद्धा पांढरी. मला वाटलं, छापताना शाई संपली.

दोघी परत आल्या तसा मी म्हणालो, “मरती तुमची ती बाई शेवटी. गादी रिकामी हाय. आणि त्या गड्यानं कामबी अर्धवट टाकलंय.”

मुद्दाम म्हणालो. खोटं कशाला सांगू.

म्हातारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चहा पुढं आणून आदळायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मरती ते कळलं. मानूस मरतंयच. पर तिचं नाव घातलं का त्यानं पुस्तकावर? येवढं शेवट बघून आलाय तर ते सांगा की.”

मला ते कुठलं वाचता येतंय. लेकीला माहीत होतं, पण ती म्हणाली, “शेवटी कळेल, आई. मी आत्ता सांगणार नाही.”

म्हणजे त्या शुक्रवारी मेथी निवडताना म्हातारीचं सगळं लक्ष एवढ्याच गोष्टीवर होतं. त्यानं बायकोचं नाव घातलं की नाही. दोन प्रकरणं राहिली होती. लेकीनं एक वाचलं.

त्यात ती बाई दवाखान्यात असते. निरोप येतो, लवकर या. हा सांगतो, दोन पानं राहिलीत. ती पानं पुरी करतो, फुल्या मारतो, भरायला कुणी नाही म्हणून स्वतःच काळं भरतो, पानं पोचती करतो आणि मग जातो. तोवर खाट रिकामी. चादर बदललेली.

“हरामखोर,” मी म्हणालो. “आणि वर ह्याचीबी चित्रं काढून विकली. बायकोचं मरणबी सोडलं न्हाई.”

म्हातारीनं मेथीवरनं डोळे उचलले नाहीत. “तुमी काय येगळं केलं?”

“मी काय केलं?”

“ही झाली तवा कुठं हुता?” तिनं लेकीकडं हनुवटी केली. “पेट्रोल पंपाच्या शिडीवर.”

“दुसऱ्या दिवशी उद्घाटन हुतं त्याचं. मंत्री येणार हुता.”

“मंत्री आला का?”

“न्हाई आला.”

“बघ,” ती लेकीला म्हणाली. “तिसऱ्या दिवशी आला तुजा बा. हाताला लाल रंग तसाच. सुईण म्हनली, ह्याला काय लागलंय का काय.”

लेक हसायला लागली. “खरंच, आबा?”

मला हसू आलं नाही. दोघी एका बाजूला झाल्या की माझं टाळकं फिरतं. मग म्हातारी सावकाश म्हणाली, “त्यानं निदान चित्रात तरी काढली तिला. बसलेली दिसती. तुमच्या येवढ्या पाट्या झाल्या. एकीवर तरी कोपऱ्यात माजं नाव टाकलं असतं, तर काय रंग कमी पडला असता?”

मी म्हणालो, “कड काढणारा मी. तू नुसतं भरलंस. पोतं वाहणाऱ्या हमालाचं नाव असतंय का पोत्यावर?”

लेक म्हणाली, “आबा!”

हात लांब करून म्हातारीनं माझ्यापुढच्या ढिगातनं दोन जाड काड्या काढल्या आणि माझ्यासमोर धरल्या. “काड्या राहिल्यात तुमच्या,” म्हणाली. परात उचलली आणि धुवायला आत गेली.

नळ सुटल्याचा आवाज आला. नळ चालूच राहिला. लेक म्हणाली, “आई, पाणी जातंय.” दुसऱ्यांदा म्हणाली. मग ती उठली.

अँब्युलन्स लवकर आली. माणसं चांगली होती, मला हाताला धरून खाली उतरवलं. दवाखान्यात, सूर्य मावळायची मशिदीतली बांग झाली तेव्हा डॉक्टर बाहेर आला आणि लेकीशी इंग्रजीत बोलला. मला कुणी मराठीत सांगायची गरज नव्हती. लेक भिंतीला धरून खाली बसली, त्यातच कळलं. हृदय बंद पडलं होतं म्हणे. गावी न्यायचे कागद व्हायला दोन-तीन दिवस लागणार होते. तोवर ती तिथंच, थंड खोलीत. जावयाला यायला दुसरी संध्याकाळ होणार होती.

घरी आलो तर ओळखीची माणसं दारात. पुण्याकडचे एक शिकलेले गृहस्थ माझा खांदा दाबून म्हणाले, “सुटल्या हो.”

मी म्हणालो, “कशातनं सुटली? मेथीतनं?”

त्यांनी हात काढून घेतला. बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक खालच्या फोटोच्या दुकानातनं एक छापील बोर्ड घेऊन आली. वर म्हातारीचा फोटो, खाली नाव, मागं ढग आणि गुलाब. दहाला लोक बसायला येणार होते, त्यांच्यासाठी भिंतीला लावायचा. मी नावाकडं बघितलं. तीच फ्लेक्सची अक्षरं, एका जाडीची, मेलेली.

“फोटो राहू दे. नाव काप.”

“आबा, प्लीज. आज नको.”

“काप म्हणतोय ना. आणि आधी ते पुस्तक आण. राहिलेलं प्रकरण वाच.”

“आत्ता?”

“आत्ता. तिला कळायचं राहिलंय.”

तिनं आणलं. माझ्या शेजारी जमिनीवर बसून, नाक पुसत, उजवीकडनं वाचलं. बायको गेल्यावर तो शेवटचं पान काढायला बसतो. कडा काढतो. नेहमीसारख्या फुल्या मारतो. शेजारी गादी रिकामी. मग फुल्या खोडतो आणि पान तसंच छापायला देऊन टाकतो, काळं न भरता. तेच ते पांढरं पान. शाई संपली नव्हती.

“आणि नाव?” मी विचारलं.

“नाही, आबा. कुठंच नाही. वरती त्याचं एकट्याचंच नाव आहे.” पुस्तक मिटत ती म्हणाली, “लोक म्हणतात, ते पांढरं पान म्हणजेच तिचं नाव. फार गाजलंय ते पान.”

“लोकांना काय जातंय म्हणायला. गाजलं कुणाचं नाव? त्याचंच ना?” माझा आवाज चढला. “मी असली कोरी फळी दिली असती तर गावानं जोड्यानं मारलं असतं. अंगात धमक होती तर लिहायचं होतं सरळ. इतकं काढता येत होतं, आणि एक नाव लिहिता आलं न्हाई भडव्याला.”

लेक माझ्याकडं बघत राहिली. मी उठलो.

किराणावाल्यानं दिलेलं मोठं कॅलेंडर होतं, त्याचा मागचा जाड पुठ्ठा काढला. लेकीच्या टेबलावर काळी शाई आणि ब्रश होते. दोऱ्याला पीठ चोळलं. एक टोक लेकीला धरायला दिलं, एक मी धरलं, आणि वर-खाली दोन दोऱ्या मारल्या. म्हातारीचं नाव मी आयुष्यात कधी मोठ्या अक्षरात काढलं नव्हतं. कडा नीट निघाल्या. वेलांटीचा बाक चांगला आला.

कड संपली तसा मी ब्रश डाव्या बाजूला पुढं केला. तिकडं न बघताच. तो कुणी घेतला नाही.

“मी भरू?” लेक हळूच म्हणाली.

“नको.”

मीच भरलं. तिसऱ्या अक्षराला शाई रेघेबाहेर गेली, चांगली बोटाच्या पेराएवढी. लेक म्हणाली, वर पांढरा लावला तर कळणार नाही. म्हणालो, राहू दे. खालचं पीठ पुसलं. फोटोवरचं छापील नाव कापून टाकलं आणि पुठ्ठा फोटोच्या खाली चिकटवला.

सवयीनं हात उजव्या कोपऱ्यात गेला होता. ब्रशला शाईही होती. हात मागं घेतला, उठलो आणि मोरीत जाऊन ब्रश धुतला.