मागच्या खोलीतलं काम

झाशीच्या सीपरी बाजारात राहणारे मार्तंडराव रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची बायको दुर्गा मागच्या खोलीत लग्नाचे लहंगे शिवायची आणि अर्ध्या शहरात तिचं नाव होतं. आपल्या बायकोनं लोकांचे कपडे शिवावेत, हे मात्र मार्तंडरावांना खुपायचं. घराचा विमा उतरवायला एजंट आला, तेव्हा त्यानं विचारलं, "भाईसाहब, घर में कोई काम-धंधा?"

मागे मशीन खडखडत होतं.

"नहीं जी, शौक है बस," मार्तंडराव म्हणाले.

पुढल्या उन्हाळ्यात शॉर्टसर्किट होऊन त्या खोलीला आग लागली. मशीन गेलं आणि गिऱ्हाइकांचे लहंगेही गेले. पाहणीला आलेले विम्याचे अधिकारी म्हणाले, "घर के सामान का पैसा मिल जाएगा. धंधे का नहीं. वो आपने बताया ही नहीं था."

मार्तंडरावांची मान खाली गेली. तेवढ्यात दुर्गा पुढे झाली. "मैंने ही मना किया था जी, किस्त बढ़ जाती ना."

अधिकारी गेल्यावर मार्तंडराव पुटपुटले, "खरं सांगायचंस की."

"परक्या माणसासमोर तुम्हाला खाली बघायला लावू?" ती म्हणाली आणि जळकं कापड गोळा करत राहिली.

संध्याकाळी ती दतिया गेटला एका नवरीच्या घरी लहंगा जळाल्याचं सांगायला निघाली, तसे तेही चपला घालून बरोबर गेले. नवरीच्या आईनं दार उघडलं.

"मैं दुर्गाजी का पति हूँ," ते म्हणाले. "बिटिया का लहंगा आग में जल गया, और उसका बीमा मेरी वजह से नहीं मिला."

बाईंनी दुर्गेचा हात धरून तिला आत नेलं. मार्तंडराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्यांना कुणी आत बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी त्यांचा पाय उचलला नसता.