एप्रिलमध्येच पाण्यात ठेवलेला गणपती

मी अमेरिकेतल्या डब्लिनला लेकीकडे गेले, तेव्हा बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण लाडकी टीम हरली की नात जेवत नाही, एवढं कळलं होतं. त्या एप्रिलमध्ये टीम एकेका रननं हरत सुटली आणि पोर वाळायला लागली.

तेव्हाची मी म्हणजे भलतीच शहाणी! देव्हाऱ्यातला गणपती उचलला आणि पातेल्यात पाण्यात ठेवला. म्हटलं, टीम सीझन जिंकेपर्यंत बाहेर काढणार नाही.

"आई, सीझन सप्टेंबर संपेपर्यंत चालतो," जावई हसू दाबत म्हणाले. "एका रननं हरणं हे निम्मं नशीबच. टीम चांगली असली की पुढे भरून निघतं."

मला वाटलं होतं, आठवडाभरात उरकेल! मी नातीकडे वळले. "सप्टेंबरपर्यंत उपाशी राहणार का गं?"

तिनं जरा विचार केला. "नो वे, आजी. पोळी दे."

मीही गणपती पुसून जागेवर ठेवला.

उन्हाळ्यात टीम तशाच अटीतटीच्या मॅच जिंकायला लागली. जावयांनी श्रेय दिलं नशिबाच्या सरासरीच्या गणिताला. मी दिलं गणपतीच्या त्या अर्ध्या तासाच्या अंघोळीला.