नववं वर्तुळ
समोरच्या मैदानावर कबड्डीच्या रेषांसाठी चुन्याची फक्की टाकली की तिचा घशात बसणारा कोरडा वास गॅलरीत येतो आणि मला विश्रांतवाडीच्या शाळेतली ती मुलगी आठवते. शिक्षक दिनाच्या कार्यक्रमासाठी मी पाचवीच्या नऊ मुलींना नऊ ग्रह केलं होतं. फक्कीच्या नऊ वर्तुळांवरून त्या सूर्याभोवती फिरायच्या. ती प्लूटो होती, सगळ्यांत बाहेरची, सगळ्यांत हळू चालणारी. तालमी चालू असतानाच प्लूटोला ग्रहांतून वगळल्याची बातमी आली आणि नववं वर्तुळ मी चपलेने पुसून टाकलं. "बाई, माझं काय चुकलं?" तिने विचारलं. "तुझं काही नाही. शास्त्रज्ञांनी ठरवलंय. तू आता बसून बघ." कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी पुन्हा फक्की मारायला गेले, तर आठव्या वर्तुळाच्या बाहेर, ओलसर मातीत, लहान अनवाणी पावलांचं अख्खं वर्तुळ उमटलेलं होतं. कार्यक्रमात ती पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. पायांवरचा चिखल वाळला होता. पुढच्या वर्षी तिने शाळा बदलली. आता फक्कीचा वास आला की मी आत जाऊन गॅलरीचं दार लावून घेते. प्लूटोला फिरणं थांबव असं एकाही शास्त्रज्ञाने सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं.