दिघीहून आणलेलं शेपूट

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी चाळीस वर्षं धातूच्या ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने केले. आता ते काम मशिनं करतात, वर्कशॉप लेक चालवते आणि मी तिथे चहा पिऊन सल्ले देतो. ते कोणी मागत नाही. म्हणून चाकणच्या एका जपानी कंपनीला त्यांच्या सुरुवातीच्या रेसिंग गाडीचं खऱ्या मापाचं लाकडी मॉडेल हवंय, तेही हातानं घडवलेलं, असं लेकीनं सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शटर उघडून बसलो होतो. पसंत पडलं तर आणखी दोन मॉडेलं मिळणार होती. नाही पडलं तर मी पुन्हा चहावर.

गाडी साठच्या दशकातली, दोन माणसांची, माझ्या कमरेइतकीही उंच नाही. नाक इटालियन वळणाचं, काच इंग्लिश धाटणीची. त्या काळी जपान्यांनी बाहेरच्या गाड्या किती बारकाईनं न्याहाळल्या असतील, ते फोटोंत दिसत होतं. मागच्या बाजूचा मात्र एकच फोटो होता, तोही धुरकट, आणि ड्रॉइंग नव्हतंच. हे लेकीला सांगायला हवं होतं. पण चाळीस वर्षांचा तोरा आड आला.

दिघीत एका निवृत्त फौजी साहेबांकडे त्याच काळातली इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे. धुरकट फोटोतलं शेपूट मला अगदी तसंच वाटलं. मी गेलो, पुठ्ठे लावून आकार कापून आणले. साहेब म्हणाले, "एकदा मागच्या बाजूनं गेटला धडकली होती. पण आमच्या डेंटिंगवाल्या चाचांनी अशी काढली, की कुठे ठोकली होती ते ओळखून दाखवा." मला ओळखता आलं नाही.

लाकूडकाम संपलं. सगळं तुमच्याच फोटोंवरून केलंय, असं लेकीनं कंपनीला लिहून दिलं. ते मला नंतर कळलं. त्यात, रंग देण्याआधी तपासायला जपानहून येणाऱ्या गृहस्थांनी विशीत ती गाडी स्वतः पत्रा ठोकून घडवली होती.

ते आले. ऐंशीच्या पुढचे, ठेंगणे, सोबत पुनावळ्याची एक दुभाषी मुलगी. डोळे मिटून ते नाकापासून हात फिरवत निघाले. मीही असंच तपासतो, त्यामुळे माझा जीव आणखीच टांगणीला लागला. शेपटाच्या डाव्या कोपऱ्यावर हात थांबला, पुढे गेला, परत तिथेच आला.

"ते विचारताहेत, हे कुठून आणलं?" मुलगी म्हणाली.

"फोटोंवरूनच," लेक म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. माझं खोटं तिच्या नावावर लागतंय, हे मला बघवेना. मी सांगून टाकलं, मागचं माप नव्हतं, दुसऱ्या गाडीवरून घेतलं, इंग्लिश गाडीवरून, पोरीला ठाऊक नाही, चूक माझी.

मुलीनं ते जपानीत सांगितलं. म्हातारबुवा खुर्ची ओढून बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"ते म्हणतात, आम्हीही तिथूनच घेतलं होतं. आमच्या कंपनीच्या साहेबांनी एक इंग्लिश गाडी मागवली होती, तिला असेच पुठ्ठे लावले. तुमचं शेपूट बरोबर आहे. पण हा फुगवटा त्या गाडीला नव्हता आणि आमच्या गाडीलाही नव्हता. हा कोणाचा?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाचांची दुरुस्ती मी इमानेइतबारे सागवानात उतरवली होती. हे सांगितल्यावर ते पुन्हा हसले; एवढा फुगवटा घासून काढा, बाकी पसंत आहे, आणि चाचांना नमस्कार सांगा म्हणाले.

मला इतकं हलकं वाटलं, की मीही एक स्टूल ओढलं. लेकीनं फळीवरून पॉलिश पेपर काढला, एक तुकडा माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि कोपरा घासायला लागली.

"बाबा, पुढच्या वेळी आधी मला सांगायचं."

"पुढच्या वेळी?"

"अजून दोन आहेत ना," ती मान वर न करता म्हणाली. "त्या गाड्यांच्याही मागच्या बाजूचं ड्रॉइंग नाही."